सीतेच्या आसवांचा जांभळा घरी बसून का मिळत नाही

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी तासगावला असते. नोकरी सांभाळून तीन वर्षं जलरंग करतेय. गेल्या सप्टेंबरात कासला जाऊन चारशेच्या वर फोटो काढले आणि वर्षभर त्यांवरून रानफुलं रंगवतेय. पण सगळी फुलं शुभेच्छापत्रावरच्या फुलांसारखी दिसतात. जांभळा रंग तर हमखास मळतो. महागाचे रंग घेतले तर फरक पडेल का? कुठले घेऊ?" सोबत तीन चित्रं जोडली आहेत: तेरडा, सीतेची आसवं आणि सोनकी.

ताई, रंगांचं सांगतेच, आणि एक ट्यूब खरोखर बदलायची आहे. पण तुमची तिन्ही चित्रं मोठी करून पाहिली, आणि मला नाही वाटत अडचण पॅलेटमध्ये आहे. हात चांगला आहे. पाण्यावर ताबा आहे. तेरड्याच्या पानाची एक कड तुम्ही अशी कोरडी सोडली आहे की मला हेवा वाटला. अडचण इतकीच, की फूल समोर होतं त्या दिवशी तुम्ही ते काढलंच नाही, त्याचे फोटो काढले. आता वर्षभर त्या फोटोंना असे प्रश्न विचारताय ज्यांची उत्तरं त्यांच्याकडे नाहीत.

मी साताऱ्यात राहते. बावीस पावसाळे कास, चाळकेवाडी, ठोसेघर या बाजूला फुलं काढत हिंडतेय. सुरुवातीची काही वर्षं मीही हेच करायचे. फक्त तेव्हा कॅमेऱ्यात रोल असायचा, छत्तीस फोटोंत तो संपायचा आणि धुवायचे पैसे पडायचे, म्हणून माझी चूक मला लवकर महाग पडली.

आधी एक गोष्ट तुमची तुम्हालाच ठरवायची आहे. भिंतीवर लावायला प्रसन्न चित्र हवंय, की हे फूल तेच आहे असं ओळखता येईल असं चित्र हवंय? पहिलं हवं असेल तर माझं निम्मं उत्तर सोडून द्या, तुमची चित्रं आत्ताही प्रसन्न आहेत. पण "शुभेच्छापत्रासारखी दिसतात" ही तक्रार तुम्ही स्वतःच केली आहे, त्यावरून दुसरं हवंय असं धरून पुढे लिहिते.

तुमच्याच चित्रांवरून सांगते. सीतेच्या आसवांना तुम्ही लांबट, हिरवीगार पानं काढली आहेत. ती त्याची नाहीत, शेजारच्या गवताची आहेत. या वनस्पतीला फुलाच्या वेळी डोळ्यांना दिसतील अशी पानं जवळजवळ नसतातच. चिखलातून दोऱ्यासारखा देठ वर येतो आणि त्यावर जेमतेम एक सेंटीमीटरचं फूल असतं. कासचं पठार म्हणजे जांभ्याचा सडा. वर माती कुठे चार बोटं, कुठे तेवढीही नाही, आणि जी आहे तीतलं सत्त्व पावसाने धुवून नेलेलं. म्हणून तिथली बहुतेक फुलझाडं वीतभर उंचीचीही नसतात, आणि सीतेची आसवं तर पाण्या-चिखलात बारीक फुगे ठेवून त्यांत सूक्ष्म जीव पकडतात, कारण मातीतून नत्र पुरेसं मिळत नाही. हे एकदा कळलं की त्या झाडाला भरदार पान काढायला हात धजत नाही. फोटोत मात्र गवत आणि फूल एकाच चौकटीत शेजारी उभे असतात, कोण कोणाचं ते फोटो सांगत नाही.

तेरडा तुम्ही समोरून काढला आहे, गुलाबी फुलपाखरासारखा. मागची शेपटी कुठे आहे? तेरड्याच्या फुलात खालचं एक दल मागे निमुळतं होत शेपटीसारखं वळतं, मकरंद त्यात असतो. ती नसेल तर तो तेरडा नाही, नुसतं गुलाबी फूल आहे. मोबाइल अगदी जवळ नेला की पुढची पाकळी अवाच्या सवा मोठी येते आणि मागचं सगळं तिच्याआड जातं, त्यात तुमचा काय दोष! पण गुडघ्यावर बसून फूल बाजूने पाहिलं असतंत तर शेपटी सुटली नसती.

आणि तिसरं चित्र. रागावू नका, पण ती सोनकी नाही. तो कॉसमॉस आहे, मेक्सिकोकडून बागेत आलेला आणि बागेतून रस्त्याकडेला, टेकड्यांवर पसरलेला. त्याचं पान बारीक चिरलेलं असतं. सोनकीचं पान अखंड, कडेला दाते असलेलं. फोटोत तुम्ही फुलाला नेम धरला, पान चौकटीबाहेर राहिलं. "आपल्याकडची रानफुलं" अशी मालिका करायची असेल तर हा पाहुणा आधी बाजूला काढावा लागेल. घाणेरी आणि गाजर गवतही याच पंगतीतले, पण ते निदान फसवत नाहीत.

आता जांभळ्याकडे. इथे दोन निरनिराळ्या भानगडी आहेत आणि तुम्ही त्या एकच समजताय.

पहिली रंगाची. विद्यार्थ्यांच्या रंगपेटीत निळा म्हणून अल्ट्रामरीन असतो, तो उत्तम आहे. त्यात तुम्ही व्हर्मिलियन किंवा स्कार्लेट मिसळत असणार. त्या तांबड्यात पिवळ्याकडची झाक असते, आणि निळा, तांबडा, पिवळा तिन्ही एकत्र आले की करडा-तपकिरी होणारच. त्याऐवजी गुलाबी-जांभळ्याकडे झुकणारा तांबडा हवा. क्विनॅक्रिडोन रोझ किंवा मॅजेंटा नावाने मिळतो. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तिथे पीव्ही १९ किंवा पीआर १२२ असा एकच क्रमांक आहे ना ते बघा. तीन-तीन क्रमांक असलेली ट्यूब म्हणजे आधीच कोणीतरी मिसळून ठेवलेला रंग, त्यात तुम्ही आणखी भर घातली की तो मळतो. ही एक ट्यूब चांगल्या प्रतीची घ्या. बाकीची पेटी संपेपर्यंत वापरा, टाकून देऊ नका.

दुसरी भानगड मोबाइलची, आणि ती कुठल्याही ट्यूबने सुटत नाही. जांभळा हा कॅमेऱ्याचा आणि पडद्याचा दुबळा रंग. गडद, शुद्ध जांभळ्यातल्या बऱ्याच छटा मोबाइलच्या पडद्यावर दाखवताच येत नाहीत, तो त्यांना जवळच्या निळ्यात किंवा गुलाबीत ढकलतो. त्यात ढगाळ हवेत मोबाइल स्वतःच्या मनाने चित्र थोडं उबदार करून घेतो. कासला एकाच फुलाचे दोन फोनवर फोटो काढून शेजारी धरा, एक निळं येईल, एक वांगी रंगाचं. मग तुम्ही घरी बसून नेमका कुठला जांभळा जुळवताय? कारवीचा निळसर, जांभळ्या मंजिरीचा गुलाबीकडे जाणारा, सीतेच्या आसवांचा गर्द निळा-जांभळा आणि त्याच्या ओठावरचा पांढरा डाग हे सगळे फोटोत एकाच डब्यात जातात.

म्हणून मी काय करते ते सविस्तर सांगते, कारण माझं खरं उत्तर हेच आहे.

मी पठारावर चित्र रंगवत नाही. सप्टेंबरात तिथे रंग वाळतच नाही. धुक्यात एक हात दिला की अर्ध्या तासानेही कागद ओलाच असतो, दुसरा हात द्यायला जावं तर पहिला उचकटून येतो. त्यामुळे उन्हाळ्यातच घरी कोऱ्या, कोरड्या कागदावर मी रंगांच्या चौकटी रंगवून ठेवते. रंगाच्या दुकानात भिंतीच्या रंगाचं शेड कार्ड असतं ना, तसंच, फक्त माझ्या पेटीतल्या रंगांचं. जांभळ्याच्याच चाळीसेक चौकटी आहेत: अल्ट्रामरीन जास्त, मॅजेंटा कमी इथून सुरुवात करून उलट टोकापर्यंत, आणि प्रत्येक मिश्रण दाट, मध्यम, फिकं असं तीनदा. प्रत्येकाला क्रमांक, आणि मागे कशात काय किती मिसळलं त्याची नोंद. त्याच्या दोनेक इंच रुंद पट्ट्या कापून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवते.

पठारावर फुलासमोर बसते, पट्टी पाकिटातून काढून पाकळीला जवळजवळ टेकवते आणि लिहिते: "पाकळी १७, कडेला १६, घशाशी २३ पण फिकी, डाग कोरा कागद." झालं. हा आकडा पावसाने बदलत नाही, पडद्यावर बदलत नाही, सहा महिन्यांनी आठवणीत गोडही होत नाही. घरी आल्यावर १७ क्रमांक कसा करायचा ते पट्टीच्या मागे लिहिलेलंच असतं.

रंगांसोबत बाकीच्या नोंदी. कागद वहीच्या अर्ध्या पानाएवढा, पाठीला पुठ्ठा, वर छत्री. पेन्सिल टूबी, पेन पावसात दगा देतं. पहिली रेघ फुलाची नाही, मापाची. कागदाची एक पट्टी फुलाशेजारी धरायची, पाकळीच्या दोन टोकांशी खूण करायची आणि ती जशीच्या तशी कागदावर उतरवायची. फूल एक सेंटीमीटरचं तर चित्रही आधी एक सेंटीमीटरचं. शेजारी मोठं करून काढायचं असेल तर खुशाल काढा, पण बाजूला "चौपट" असं लिहा. तुमची फुलं शुभेच्छापत्रासारखी दिसण्याचं निम्मं कारण हेच आहे, ताई: तुम्ही प्रत्येक फूल गुलाबाच्या मापाचं काढता. मग मोजणी. पाकळ्या किती, पुंकेसर किती, पानं समोरासमोर की एकाआड एक, देठावर लव आहे का. फूल समोरून, बाजूने, आणि जमलं तर मागून. शेवटी जागा: साचलेल्या पाण्यात, ओल्या दगडावर, गवतात. आणि वेळ.

वेळ मुद्दाम लिहा. आपल्याकडचा केना सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत त्याची पाकळी अक्षरशः विरघळते. उलट त्याच कुळातली नीलिमा दुपार कलल्यावर डोळे उघडते. सकाळचा प्रवेश घेऊन अकरा वाजता परतणारी माणसं "यंदा नीलिमा दिसलीच नाही" म्हणतात, तेव्हा मला हसू येतं.

हे सगळं मला कोणी शिकवलं नाही, अद्दल घडून आलं. एका कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना मी मोठ्या अभिमानाने माझं कवल्याचं चित्र दाखवलं होतं. तेच हो, दोन तांबड्या ठिपक्यांमुळे ज्याला पर्यटक मिकी माऊस म्हणतात ते पिवळं फूल. त्यांनी शांतपणे विचारलं, "पर्णिका किती होत्या? फुलाखालच्या दलांवर केस होते का?" या वंशातल्या जाती एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात अशा असतात, भेद असल्याच बारकाव्यांत. माझ्या चित्रात पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी पानं, अंदाजे होत्या आणि केस नव्हतेच. चित्र सुंदर होतं, पण ते कोणाचं होतं हे मलाच सांगता येईना. ते अजून कपाटात आहे, खाली नाव न लिहिता.

म्हणजे क्रम असा: फुलासमोर नोंदपान, घरी रंग, आणि फोटो फक्त देठ कुठल्या बाजूला वाकला होता एवढं विचारायला. चारशे फोटोंऐवजी एका खेपेला तीन नोंदपानं झाली तरी मी ती खेप भरून पावली असं समजते. कासवर सपुष्प वनस्पतींच्या ८५०च्या वर जाती नोंदल्या आहेत. त्या सगळ्या तुम्हाला किंवा मला पुऱ्या होणार नाहीत, तेव्हा बारा निवडा.

आता काही अडणाऱ्या गोष्टी, ज्यांवर माझ्याकडे एकच एक उत्तर नाही.

पिवळी फुलं मळतात ती सावलीमुळे. पिवळ्यावर जांभळी सावली घाला असं पुस्तकी शिक्षण असतं. सोनकीवर ते करून बघा, पाकळी सडलेली दिसते. मी सावलीला आधी किंचित हिरवट पिवळा, मग अगदी खोलात गेरूकडचा पिवळा घालते. पांढऱ्याचं उलट आहे, तिथे रंगच नको. गेंदाच्या गोंड्याला मी फक्त एका बाजूला पाणीदार निळसर करडा लावते आणि भोवतालचं गवत गडद करते, गोंडा आपोआप वर येतो. मास्किंगचं द्रव, म्हणजे कोरा ठेवायचा भाग रंगापासून झाकायला लावतात ते, पावसाळ्यात वापरू नका. ओलसर कागदावर ते चिकटून बसतं आणि काढताना कागदाची साल निघते.

कागदाचं मात्र मनावर घ्या. तीनशे ग्रॅमचा सुती कागद घ्या, बारीक कामाला गुळगुळीत. पण पावसाळ्यात तो उघड्यावर ठेवला तर सादळतो, त्यावरची खळ मरते आणि रंग टीपकागदावर पडल्यासारखा डागाडागांनी शोषला जातो. अशा वेळी माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. मी पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या त्या सिलिकाच्या पुड्या घालून ठेवते. तासगावची हवा आमच्यापेक्षा कोरडी, तुम्हाला कदाचित एवढं लागणार नाही. ब्रशबद्दल विचारलं नाहीत ते बरं केलंत. टोक नीट जमणारा एक सहा नंबरचा गोल ब्रश असला की काम भागतं.

एक ट्यूब मात्र कितीही मोह झाला तरी घेऊ नका. दुकानात झगझगीत गुलाबी रंग मिळतो, ऑपेरा नावाचा. कासच्या तेरड्याचा गालिचा पाहिल्यावर वाटतं की हाच तो. मीही घेतला होता. त्या गुलाबीत तेरड्याचं एक मोठं चित्र केलं, कराडच्या एका घरी विकलं गेलं, दिवाणखान्यात खिडकीसमोर टांगलं गेलं. दोन वर्षांनी मी तिथे चहाला गेले तर पानं तश्शीच हिरवी आणि फुलं आजारी माणसाच्या ओठांसारखी. त्या रंगाची चमक उजेडात टिकत नाही. यजमान काही बोलले नाहीत, पण त्यांच्या सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणतातच की." चित्र मी परत आणलं आणि नवं करून दिलं, मॅजेंटात.

तुमच्या मनात आलंच असेल की नोंदी करायला फूल घरी आणलं तर? कासवर ते नाही. २०१२ साली पश्चिम घाटासोबत कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पण त्याआधीही तिथलं फूल तोडणं हे गाढवपणाचंच होतं. आणि पाऊलवाट सोडून आत बसू नका. एका माणसाच्या बैठकीखाली सीतेच्या आसवांची शंभरेक रोपं सहज जातात. कडेला बसून जे दिसेल तेच काढायचं. शनिवार-रविवार टाळा, आधी प्रवेशाची नोंदणी करा, आणि जमलं तर यवतेश्वरपासून कासपर्यंतच्या रस्त्याकडेलाच थांबत जा. मला कित्येक फुलं तिकिटाच्या अलीकडे मिळाली आहेत.

याबाबतीत जुन्या चित्रकारांचं बरं होतं. १८४०च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत तिचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने एका चित्रकाराकडून झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज म्हणवणारा होता एवढाच उल्लेख सापडतो, नाव नाही. त्या चित्रांच्या छापील प्रती पाहते तेव्हा मला एकच जाणवतं: झाड हाताच्या अंतरावर होतं.

तुम्हालाही ते मिळू शकतं, आणि कासला न जाता. गौरीच्या आदल्या दिवशी मंडईत तेरड्याच्या जुड्या येतात. ज्या घरी तेरड्याची गौर बसते ती माणसं त्या नेतातच, तुम्ही एक जास्त घ्या. तो पठारावरचा तेरडा नाही, बांधावरचा, पण घडण तीच. फुलं तासा-दोन तासांत मऊ पडतात, म्हणून कळ्या भरपूर असलेली जुडी निवडा आणि पाण्यात ठेवा. आधी एक फूल हलकेच उलगडून त्याचे सगळे भाग कागदावर ओळीने मांडा, शेपटीसकट. मग माप, मग पट्टी, मग आकडे. पाठवाल तेव्हा त्या नोंदपानाचा फोटो पाठवा, रंगवलेलं चित्र नंतर बघू.